गाव नसलेल्या टीमचा लोगो

मंडळी, पत्रिकेवर विषय लई भारदस्त छापलाय, 'ई-स्पोर्ट्स संघाची दृश्य ओळख आणि तिची वाटचाल'. माझं दुकान फ्लेक्स आणि जर्सी छापायचं, त्यामुळं 'दृश्य ओळख' म्हटलं की मला आधी उधारी दिसते. असू दे.

पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांसाठी थोडक्यात सांगतो. मोबाईलवर नाहीतर कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या टीमा असतात, पगारी खेळाडू, कोच, स्पॉन्सर सगळं असतं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याखाली आणलं. नातवाला ओरडायचं असेल तर ओरडा की, खरं 'हा काय खेळ हाय काय' असं म्हणून ओरडू नका, तो सरकारी कागद दाखवील.

आता माझा मुद्दा. आरसीबीला शहर आहे. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांनी नावातलं बँगलोर काढून बेंगळूरु केलं, म्हणून स्टेडियम काय जागचं हललं नाही. आपल्या बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला कागदोपत्री बदललं, त्यावर मी आज बोलणार नाही, अध्यक्षसाहेबांनी आत्ताच हात दाखवला मला. सांगायचं एवढंच की नाव बदललं तरी गाव उरतं. ई-स्पोर्ट्सच्या टीमचं तसं नाही. तिला स्वतःचं मैदान नाही, गेम बदलतो, खेळाडू सीझन संपला की दुसरीकडं, कधी मालकपण बदलतो. मग पोरं नक्की कुणाच्या मागं जातात? त्या चिन्हाच्या आणि त्या रंगाच्या. तेच त्यांचं गाव. एवढं सांगायला आलोय, आता विषयांतर.

पब्जी जोरात होतं तेव्हाची गोष्ट, शहापूरकडची चार पोरं दुकानात आली. "मामा, टीमची जर्सी पायजे." म्हटलं लोगो द्या. "पाठवलाय की व्हॉट्सॲपवर." उघडून बघतोय तर स्क्रीनशॉट! वर बॅटरी चौदा टक्के, खाली कुणाचा तरी मिस्ड कॉल, आणि मधे नखाएवढा लांडगा. म्हटलं हे छातीवर ओढलं की नुसते चौकोन दिसतील रे. "एचडी हाय मामा, झूम करून बघा की!" आता ह्यांना काय सांगायचं? इथं बसलेल्यांना तरी सांगतो, कारण लग्नाच्या बॅनरपासून मंडळाच्या अध्यक्षांच्या फोटोपर्यंत माझं सगळं आयुष्य असल्या स्क्रीनशॉटमध्ये चाललंय. लोगो व्हेक्टर फाईलमध्ये पाहिजे. त्यात चित्र ठिपक्यांनी साठवलेलं नसतं, रेषांच्या गणितानं साठवलेलं असतं, मग शर्टाच्या बटणाएवढं करा नाहीतर चन्नम्मा सर्कलवरच्या होर्डिंगएवढं करा, कड फाटत नाही. ज्यानं काढून दिलं त्याच्याकडं फाईल मागा, असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तो पुण्याला गेला."

शेवटी मीच नव्यानं काढायला बसलो. लांडगा, त्याच्या डोक्यावर पब्जीतलं लेव्हल थ्रीचं हेल्मेट, मागं आग, दोन बंदुका, खाली नाव. आणि नावावरून जुंपली. एक म्हणाला मराठीत पाहिजे, एकाच्या घरी कन्नड, तो म्हणाला मग कन्नडपण पाहिजे, तिसरा म्हणाला आपण इंटरनॅशनल, इंग्लिशच घाला, चौथ्यानं पैसे भरलेले, तो गप्प. पाटीवरच्या अक्षरांवरून आपल्याकडं काय काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तासभर झाल्यावर चौथाच म्हणाला, "अक्षरंच नको, नुसता लांडगा ठेवा." सीमाभागातला एवढा शहाणा तोडगा मी दुसरा बघितला नाही!

पुढं ऐका. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी बंद झालं, हेल्मेटला अर्थच उरला नाही, ते काढलं. २०२१ च्या जुलैत गेम बीजीएमआय म्हणून आला, २०२२ च्या जुलैत परत गेला, २०२३ च्या मे महिन्यात परत आला. ह्या सगळ्या भानगडीत लांडगा तेवढा जाग्यावर. आग पोरांनी आपणच काढली, कारण इन्स्टाच्या गोल डीपीत ती करपलेल्या भाकरीसारखी दिसायची. बंदुकापण गेल्या. मग दोन पोरं नोकरीला बाहेर पडली, त्यांच्या जागी खानापूरची दोन आली, आणि आल्या आल्या विचारतात काय, "मामा, लांडग्याची जर्सी आमच्या मापात हाय काय?" जुन्या दोघांना त्यांनी बघितलंपण नव्हतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अहो, मुख्य विषय आत्ता कुठं सुरू होतोय! बरं, पळवतो.

पहिलं, साधा लोगो. टीम लिक्विड, २००० साली नेदरलँड्समध्ये स्टारक्राफ्ट हा गेम खेळणाऱ्यांची म्हणून सुरू झाली, आज डोटा, काउंटर-स्ट्राइक, लीग ऑफ लेजंड्स सगळीकडं आहे आणि छातीवर घोडा. घोड्याला कुठला गेम चिकटलेला नाही, म्हणून कुठंपण चालतो. फनॅटिक, २००४ ची, २०२० मध्ये लोगो साफ केला, खरं केशरी रंगाला हात लावला नाही. मॅच लाइव्ह दाखवतात त्या स्ट्रीमच्या कोपऱ्यात लोगो बोटाच्या पेराएवढा दिसतो, तिथं बारीक रेषा मरतात, भरतकामातपण मरतात, त्यामुळं लोगो साधे होत जाणं ही नुसती फॅशन नाही.

दुसरं, मालकीमुळं होणारा बदल. कोरियाची एसके टेलिकॉम टी१, २०१९ मध्ये नुसती टी१ झाली, कंपनीचं नाव गेलं, लाल रंग राहिला, आणि फेकर हा खेळाडू २०१३ पासून तिथंच आहे, तो अपवाद. सॅमसंग गॅलॅक्सीची टीम २०१७ मध्ये जगज्जेती झाली, लगेच केएसव्ही ह्या कंपनीनं घेतली, २०१८ मध्ये त्याचं जेन.जी झालं. वर्षभरात तीन नावं, चाहत्यानं स्टेटस तरी किती वेळा बदलायचा?

तिसरं, स्पॉन्सर. अमेरिकेच्या टीएसएमनं जून २०२१ मध्ये एफटीएक्स ह्या क्रिप्टो कंपनीचं नाव स्वतःच्या नावाला जोडलं, दहा वर्षांचे २१ कोटी डॉलर. लीग ऑफ लेजंड्स बनवणाऱ्या रायट गेम्सनं आपल्या स्पर्धांमध्ये ते नाव वापरू दिलं नाही, म्हणजे एकच टीम एका गेममध्ये एका नावानं, दुसऱ्यात दुसऱ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्सचं दिवाळं निघालं, करार गुंडाळला. पैसे घ्या, बाहीवर नाव टाका, माझी हरकत नाही, खरं नावातच घेऊ नका.

आणि शेवटचं, हे मला सगळ्यात आवडतं. इव्हिल जीनियसेस, १९९९ ची टीम, २०१९ च्या शेवटी तिनं नवा लोगो आणला, जुन्याशी काडीचा संबंध नाही. चाहते भडकले, आणि २०२० मध्ये जुनाच लोगो थोडा घासूनपुसून परत आणावा लागला. मालकानं पैसे भरून घेतलेली टीम, आणि तिच्या लोगोवर शेवटचा शब्द चाललेला चाहत्यांचा! आपल्याकडच्या किती मंडळांना हे जमेल ते

होय होय, बसतो. आभार मानणारे कधीचे उभे आहेत.