चावी कुणाकडे होती?

हे टेक्सासमधलं उवाल्डे, छोटंसं गाव. 24 मे 2022 ला सकाळी 11:33 ला रॉब एलिमेंटरी शाळेत बंदूकधारी घुसला आणि पहिले पोलीस तीन मिनिटांत आत पोचले होते, हो, तीनच मिनिटांत. वर्गातून गोळ्या आल्या, ते मागे सरकले आणि मग जे थांबले ते थांबलेच, 77 मिनिटं. शेवटी 376 पोलीस जमले. आतून चौथीतली पोरं 911 ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन नंबरला, फोन करून पोलीस पाठवा म्हणत होती आणि पोलीस तिथेच कॉरिडॉरमध्ये उभे. 19 मुलं गेली, 2 शिक्षिका गेल्या.

ट्रेनिंग नव्हतं का? होतं ना. दोनच महिने आधी, शाळेत बंदूकधारी घुसला तर काय करायचं यावर शाळेच्या पोलिसांचं ट्रेनिंग झालं होतं. 1999 ला अमेरिकेतल्याच कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला तेव्हा पोलीस बाहेर घेराव घालून स्वॅट टीमची, म्हणजे खास सशस्त्र तुकडीची, वाट बघत राहिले, आत एक शिक्षक तासन्‌तास रक्त जाऊन गेले, कुणीतरी रक्तस्रावाने मरतंय असं फळ्यावर लिहून मुलांनी तो खिडकीत धरला होता. तेव्हापासून अमेरिकेत हेच शिकवतात, की जो पहिला पोचेल त्याने आत शिरायचं, एकटा असला तरी.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते कुलूप. उवाल्डेत हल्लेखोर ज्या वर्गांत होता त्यातल्या 111 नंबरच्या वर्गाचं दार नीट लॉक होत नाही हे शाळेत माहीत होतं, दुरुस्ती झालीच नाही. शाळेचं बाहेरचं दार शिक्षिकेने ओढून घेतलं, तेही लॉक झालं नाही. आणि पोलीस चाव्या शोधत बसले, वर्गाचं दार बहुधा उघडंच होतं, हँडल फिरवून कुणी बघितलं नाही!

आता 27 मार्च 2023, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचं कॉव्हेनंट स्कूल, इथेही बंदूकधारी घुसला. इथल्या शिक्षकांचा अशा हल्ल्यासाठी आधी सराव झालेला. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात दिसतं, पोलीस पोचताच शाळेतली एक बाई सांगते, मुलं लॉकडाऊनमध्ये, म्हणजे दारं लावून आत, आहेत, दोन मुलांचा पत्ता नाही. चावी हातात येते, दार उघडतं, एकेक वर्ग बघत ते गोळ्यांच्या आवाजाकडे वर धावतात. पहिल्या कॉलपासून 14 मिनिटांत हल्लेखोर संपला. तरी तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेलीच.

टेक्सासमध्ये आता शाळांना बाहेरची दारं लॉक होतात का ते दर आठवड्याला फिरून तपासावं लागतं, आणि 2023 च्या कायद्याने शाळेचा नकाशा आधीच पोलिसांना द्यायचा, तो हातात घेऊन त्यांना शाळा फिरून बघू द्यायची.