कुंपणातलं बाळंतपण

[दृश्य : बर्फाचे डोंगर, वरून. हेलिकॉप्टरची सावली उतारावरून सरकते.]

मार्च महिना. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा ईशान्य भाग. खाली बर्फात काही ठिपके पळताहेत. हेलिकॉप्टर त्यांच्या मागे खाली उतरतं, दारातून जाळं सुटतं आणि एक ठिपका तिथंच अडकतो.

आता हात बघा, किती भराभर चालतात. आधी डोळ्यांवर पट्टी. अंधार झाला की जनावर निवतं. मग पाय बांधायचे, रक्ताचा नमुना घ्यायचा, गळ्यात रेडिओ कॉलर अडकवायची. ही कॅरिबूची मादी आहे आणि गाभण आहे. डोक्यावर शिंगं दिसली तरी नर समजू नका. हरणांच्या अख्ख्या कुळात माद्यांना शिंगं येणारी ही एकच जात. युरोप-आशियात हिलाच रेनडिअर म्हणतात.

[दृश्य : काळ्या कापडाची लांबलचक भिंत.]

तिला आणतात ते इथं. रस्ते बांधताना मातीखाली अंथरतात, तसलं जाड काळं कापड दोन माणसांहून उंच ताणलंय. बाहेरून विजेची तार. कापडामुळे लांडग्याला आतलं दिसत नाही आणि आतल्या मादीला ही भिंतच वाटते, ती धडका देत बसत नाही. दरवर्षी साधारण डझनभर माद्या, कधी त्याहून जास्त, इथं वितात आणि पाडसं पळण्याजोगी झाली की परत जातात.

कुंपण राखणारी माणसं इथलीच आहेत. वेस्ट मोबर्ली आणि सोल्टो या दोन फर्स्ट नेशन्सची, म्हणजे या भूमीच्या मूळ लोकांची. ज्या कळपासाठी हे चाललंय त्याचं नाव क्लिन्से-झा. इथल्या ‘जुळ्या बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोंगराचं, डॅने-झा या मूळ लोकांच्या भाषेतलं नाव तेच, आणि तो डोंगर या लोकांना पवित्र आहे.

[दृश्य : पाइनचं जंगल. माणसं गुडघ्यांवर बसून काहीतरी वेचताहेत.]

हे बघायला सोपं वाटतं. पाइनच्या झाडांखाली जमिनीवर फिकट, पांढुरकं, स्पंजासारखं जे पसरलंय ते दगडफूल. हिवाळ्यात कॅरिबू मुख्यतः यावरच जगतो. रुंद खुरांनी बर्फ उकरतो आणि खालचं दगडफूल खातो. ‘कॅरिबू’ हा शब्दसुद्धा मिकमॅक या पूर्व कॅनडातल्या मूळ लोकांच्या भाषेतल्या ‘बर्फ उकरणारा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. पण दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. एकदा जंगल साफ झालं की ते परत येईपर्यंत माणसाची एक पिढी सरते.

म्हणून हे वेचणं. हातानं, मूठ-मूठ करून, पोतीच्या पोती. त्यात सुया आणि काड्या अडकतातच, त्या झटकायच्या. म्हातारी माणसं वेचतात, शाळेतली पोरं वेचतात. कुंपणात आलेल्या मादीला पहिल्यांदा हेच घालतात. एकदम दुसरं काही घातलं तर पोटातले जिवाणू ते पचवू शकत नाहीत. रोज दगडफूल थोडं कमी, कारखान्यातला गोळीचारा थोडा जास्त, असं करत काही आठवड्यांनी चारा बदलतो.

[दृश्य : राखणदार कुंपणाच्या कडेनं चालतो. जवळून : कॅरिबूचे पाय.]

आवाज वाढवून ऐका. टक्, टक्, टक्. खुरांचा नाही हा. चालताना पायातली शीर हाडावरून सरकते, त्याचा. धुक्यात कळप दिसेनासा झाला, तरी एवढ्या आवाजावर एकमेकींना धरून चालता येतं.

मे महिन्याच्या मध्याला माद्या विऊ लागतात. राखणदार तेव्हा लांब राहतात, म्हणून आमचा कॅमेराही लांबच आहे. एका मादीला एकच पाडसू. लालसर तपकिरी, अंगावर ठिपके नाहीत, काही तासांत उभं राहणारं. पुढचे काही आठवडे जिवावरचे. बाहेर लांडगे, ग्रिझली अस्वलं, वूल्व्हरिन नावाचे छोट्या अस्वलासारखे शिकारी प्राणी. आत फक्त सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन येणारा माणूस.

[दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. धरणाची भिंत, जलाशय.]

कधीकाळी इथं जमिनीवर किड्यांसारखे कॅरिबू होते, असं म्हातारे सांगत. १९६८ मध्ये पीस नदीवर बेनेट धरण झालं, दरी पाण्याखाली गेली, येण्याजाण्याच्या वाटा तुटल्या. मग लाकूडतोड, कोळसा, वायूच्या शोधासाठी जंगलात पाडलेल्या सरळ रेषा. तोडलेल्या जागी कोवळा पाला येतो, त्याच्यावर मूस नावाची थोराड हरणं येतात, मूसांच्या मागे लांडगे, आणि लांडग्यांना पळायला या आयत्या वाटा. कॅरिबू फुकटचा मरतो.

वेस्ट मोबर्लीच्या लोकांनी १९७० च्या दशकातच स्वतःहून कॅरिबूची शिकार थांबवली. १८९९ मध्ये ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या करारानं शिकारीचा हक्क त्यांचा होता, तरीही. हे वाक्य घाईत ऐकू नका. जंगल ज्यांनी तोडलं त्यांनी काय थांबवलं, ते ज्यानं त्यानं बघावं.

२०१३ मध्ये कळपात ३८ उरले होते. २०१४ मध्ये हे कुंपण झालं. २०२१ मध्ये मोजले तर १०१. या काळात लांडगेही मारले गेले. त्याशिवाय नुसत्या कुंपणानं हा आकडा गाठला नसता.

[दृश्य : नकाशा.]

बाकीच्यांचं थोडक्यात. जगभरात काही दशकांत ही जात सुमारे ४० टक्क्यांनी घटली. निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ आहे. पूर्व कॅनडातल्या क्वेबेक-लॅब्राडोरचा जॉर्ज रिव्हर कळप एकेकाळी आठ लाखांच्या आसपास होता, २०१८ मध्ये साडेपाच हजार. इकडे ब्रिटिश कोलंबियाच्याच दक्षिणेला, अमेरिकेच्या हद्दीत ये-जा करणाऱ्या साउथ सेलकर्क कळपात त्याच वर्षी तीन माद्या दिसल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये उरलेली शेवटची मादी पकडून दुसरीकडे हलवली.

[दृश्य : उन्हाळा. कुंपणाचं कापड एका बाजूनं खाली येतं.]

पाडसं आता काही आठवड्यांची झालीत. कापड उतरवलंय, माणसं बाजूला झालीत. कोणी हाकलत नाही. एक मादी मोकळ्या जागेपाशी येते, थबकते, मागे वळून बघते. पाडसू तिच्या पोटाखालून पुढे निघालंय.

[दृश्य : टेकाड. सगळ्या दिसेनाशा होईपर्यंत कॅमेरा स्थिर. विराम.]

राखणदार कापडाच्या घड्या घालताहेत. गाडीत रिकामी पोती चढताहेत. पुढच्या मार्चचं दगडफूल अजून वेचायचंय.