कच्च्या वहीचे वर्ष

(धुळे येथे उच्च प्राथमिक शाळांच्या भाषाशिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

शिक्षक बंधू-भगिनींनो,

सहावी ते आठवीच्या वर्गांत आपण निबंधाचा विषय फळ्यावर लिहितो, मुले गाईडमधून किंवा थोरल्या भावंडाच्या वहीतून तो उतरवून आणतात, आपण तांबड्या शाईने ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, खाली सही करतो आणि ते लेखन तिथेच संपते. लिहिलेल्या मजकुराकडे परत जायचे असते, त्यातले काही काढून काही नव्याने आणायचे असते, हे मुलाला आठवी संपेपर्यंत बहुधा कुणी सांगितलेले नसते. लेखन कार्यशाळा वर्षभर चालवायची ती मुलाला या दुसऱ्या खर्ड्यापर्यंत नेण्यासाठी. स्नेहसंमेलनाच्या आधी पाहुणा लेखक बोलावून हे साधत नाही. असा पाहुणा म्हणून मी पुष्कळदा गेलो आहे, म्हणून हे खात्रीने सांगतो.

अमेरिकेत 1980 च्या दशकात लेखनशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्हज् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखन कार्यशाळेच्या या पद्धतीला आकार दिला. विषय मुलाने निवडायचा, लिहिण्याची वेळ ठरलेली ठेवायची आणि शिक्षकाने लिहित्या मुलाजवळ बसून बोलायचे, हा तिचा गाभा आहे. आपल्या 35 मिनिटांच्या तासिकेत पहिली सात-आठ मिनिटे एकच मुद्दा शिकवावा, पुढची वीस मिनिटे सर्वांनी लिहावे आणि उरलेल्या वेळात दोघा-तिघांनी वाचून दाखवावे. अशा दोन तासिका आठवड्यातून ठरलेल्या वारीच असाव्यात, कारण वार ठाऊक असला की काय लिहायचे याचा विचार मूल आदल्या दिवशी, वाटेने जाता-येताच करू लागते. पंचावन्न मुलांच्या वर्गात एका तासिकेत पाच-सहा जणांशीच बोलणे होते, म्हणजे एकेकाची पाळी महिन्या-सव्वा महिन्याने येते. हे कमी आहे, पण वर्षभर टिकले तर पुरते.

जून-जुलैत फक्त कच्ची वही, म्हणजे पहिले खर्डे लिहिण्याची वही, चालवावी आणि तिला तांबडी शाई लावू नये. श्रावण लागला की आपल्याकडे विषय शोधावे लागत नाहीत; कानबाई या खानदेशातल्या देवीचा उत्सव याच महिन्यात येतो. सातवीतल्या एका मुलीने लिहिले होते, ‘आमच्याकडे कानबाईचा उत्सव मोठ्या उत्साहाने साजरा होतो. सर्व लोक आनंदी असतात.’ ही वाक्ये गणपतीलाही चालतील आणि होळीलाही. मी तिच्याजवळ बसलो आणि रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू कोण मोजते, एवढेच विचारले. ती म्हणाली, आजी मोजते, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ घालते. काका सुरतेला कामाला आहेत तरी त्यांची मूठ आधी पडते, आणि माझ्या नावाची पडत नाही. हे वहीत आहे का, असे मी विचारल्यावर तिने मान हलवून नाही म्हटले. तिचा दुसरा खर्डा त्या मुठीपासून सुरू झाला, आणि उत्साह व आनंद हे दोन्ही शब्द मी न सांगता गळाले. शिक्षकाने अशा वेळी वाक्य सुचवण्याचा मोह आवरला पाहिजे. सुचवलेले वाक्य कितीही चांगले असले तरी ते मुलाचे नसते, आणि मुलाला ते लगेच कळते.

आजीचे बोलणे कसे लिहू, हा तिचा पुढचा प्रश्न होता. कच्च्या वहीत अहिराणी, भिली, पावरी काहीही चालावे; पक्क्या वहीत निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणे जसेच्या तसे, ‘कानबाई उनी व माय’ (कानबाई आली गं माय), असेच राहावे. आपल्या मुलांच्या वहीतली ण-न आणि ळ-य यांची अदलाबदल घरच्या उच्चारातून येते, तिला आळस म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. शुद्धलेखन सोडायचे नाही. पुष्कळांच्या वहीत दिसलेली एकच चूक, उदाहरणार्थ ‘मुलानी’ मधला गळालेला अनुस्वार, पुढच्या तासिकेच्या पहिल्या सात मिनिटांत घ्यायची आणि दुसऱ्या खर्ड्यात तेवढीच तपासायची.

दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीमुळे पटावरची मुले वर्गात दिसत नाहीत आणि नंदुरबारकडची कित्येक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. या काळात लांब लेखन हाती घेऊ नये. पत्र, नोंद, एका पानाचे वर्णन असे एका बैठकीत पुरे होणारे काम द्यावे. परतलेल्या मुलाला मागच्या पानावरून पुढे जाता येते, हा कच्च्या वहीचा एक फायदा आहे. पाठ्यपुस्तकातला धडा मात्र त्याच्यासाठी थांबत नाही.

जानेवारीत मुलांच्या लेखनाचे हस्तलिखित काढावे आणि त्यात शिक्षकाचाही मजकूर असावा. साने गुरुजी 1924 साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढू लागले. त्यांच्याइतके कुणी लिहावे असे मी म्हणणार नाही, परंतु महिन्यातून एकदा फळ्यावर स्वतःचा परिच्छेद लिहून, त्यातले फसलेले वाक्य मुलांसमोर खोडून दाखवणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षेच्या उपयोजित लेखनाचे नमुने थोडक्यात उरकावेत. वर्षभर लिहिलेल्या मुलांना त्यांचा भार होत नाही. एप्रिलमध्ये कच्च्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांकडे त्या निकालपत्रकासोबतच सोपवाव्यात, म्हणजे कोणत्या मुलाबरोबर कुठून सुरुवात करायची हे त्यांना शाळा उघडण्याआधीच ठरवता येईल.