बर्न दाबण्याआधी

[दृश्य : नाशिकच्या रविवार कारंज्याजवळचा एक व्हिडिओ स्टुडिओ. मॉनिटरवर उघडी टाइमलाइन. खालच्या रस्त्यावरचे रिक्षांचे आवाज हळूहळू कमी होतात.]

या टाइमलाइनवर तीन वेगवेगळ्या काळांतलं चित्रण एकापुढे एक लागलंय. पहिला तुकडा 2003 च्या सिंहस्थातला, रामकुंडावरचा, मिनी-डीव्ही टेपवरून उतरवलेला. दुसरा 2015 मधल्या घरच्या लग्नाचा, हाय डेफिनिशन कॅमेऱ्यावरचा. तिसरा अगदी अलीकडचा, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा, नातवाने मोबाइलवर टिपलेला. घरच्यांना या सगळ्याची मिळून एक डीव्हीडी हवी आहे. पेन ड्राइव्ह चालणार नाही, कारण आजोबांच्या टीव्हीखाली डीव्हीडी प्लेयर आहे आणि त्याच्या रिमोटची बटणं त्यांच्या अंगठ्याला पाठ आहेत.

डीव्हीडी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं ऑथरिंग : चित्र, आवाज, मेन्यू आणि चॅप्टर यांची डीव्हीडीच्या नियमांत बसणारी जुळणी. दुसरं बर्निंग : ती जुळणी डिस्कवर उतरवणं. बहुतेक सॉफ्टवेअर ही दोन्ही कामं एका बटणात देतात आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. बटण दाबायचं, तासभर थांबायचं, शेवटी एरर यायची. डिस्क तर वाया गेली, पण चूक एन्कोडिंगची (चित्र-आवाज डीव्हीडीच्या प्रकारात आवळण्याची), मेन्यूची की डिस्कची, ते काही कळत नाही. म्हणून आधी हार्ड डिस्कवर फोल्डर बनवायचं. ते चालवून बघायचं. मग त्याची आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, करायची आणि बर्न सगळ्यात शेवटी.

[दृश्य : व्हिडिओ-टीएस फोल्डर उघडतं. फाइल्सची यादी.]

ऑथरिंगमधून व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर तयार होतं. त्यात तीनच प्रकारच्या फाइल्स असतात. व्हीओबीमध्ये खरं चित्र आणि आवाज. आयएफओमध्ये कुठला चॅप्टर कुठे सुरू होतो आणि कुठलं बटण कुठे नेतं याचा नकाशा. बीयूपी ही आयएफओचीच जपून ठेवलेली प्रत. एकेक व्हीओबी 1 जीबीच्या आत ठेवावी लागते, म्हणून लांब चित्रपटाचे चार-पाच तुकडे दिसतात. ते तुटलेले नसतात, कुणी जोडायलाही जाऊ नये. आयएफओचं नाव बदललं तर नकाशा हरवतो आणि प्लेयर मेन्यूपर्यंत पोचतच नाही.

आता मूळ चित्रणाकडे येऊ. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि जायलाही हवा.

आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात, चित्र 720 बाय 576. टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली असते : एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. यालाच इंटरलेस्ड म्हणतात. मिनी-डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी येतं. 2015 च्या इंटरलेस्ड हाय डेफिनिशन कॅमेऱ्यात वरचं आधी येतं. दोन्ही एकाच टाइमलाइनवर टाकून सॉफ्टवेअरला काही सांगितलं नाही, तर एका तुकड्यातली हालचाल पुढे, मागे, पुढे अशी थरथरते. स्थिर शॉटमध्ये हे कळतच नाही. आखाड्याची मिरवणूक कॅमेऱ्यासमोरून सरकायला लागली की लगेच दिसतं. कॉम्प्युटरवरचा प्लेयर फील्ड आपणच मिसळतो, त्यामुळे तिथे दोष लपतो आणि टीव्हीवर उघडा पडतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन तिचा खरा फील्ड-क्रम नोंदवायचा आणि टाइमलाइनचा क्रम एकच ठेवायचा.

लग्नाचा तुकडा मात्र नुसता लहान करून भागत नाही. 1080 ओळींचं इंटरलेस्ड चित्र सरळ 576 ओळींवर आणलं, तर दोन्ही फील्ड एकमेकांत कालवली जातात आणि हलणाऱ्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात. आधी डीइंटरलेस करून, म्हणजे फील्ड सुटी करून, सेकंदाला 50 पूर्ण चित्रं करायची, ती लहान करायची, मग पुन्हा इंटरलेस करायचं. वेळ जास्त लागतो, पण शालूचा काठ काठासारखा दिसतो.

मोबाइलच्या तुकड्यात फील्डची भानगड नाही, तिथली अडचण निराळी आहे. मोबाइलचा फ्रेम रेट बदलता असतो. प्रकाश कमी झाला की तो फ्रेम लांबवतो. असा तुकडा तसाच घेतला, तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण वीस मिनिटांनी आशीर्वाद आधी ऐकू येतो आणि हात नंतर उचलला जातो. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने आधी कॉन्स्टंट 25 फ्रेम करून घ्यायच्या. आवाज 48 किलोहर्ट्झवर आणायचा. डीव्हीडीला गाण्यांच्या सीडीचा 44.1 चालत नाही. लग्नाच्या व्हिडिओमागे लावलेली गाणी नेमकी तिथूनच आलेली असतात.

रामकुंडाचा तुकडा 4 बाय 3 आहे, बाकीचे 16 बाय 9. तो ताणून भरायचा नाही. ताणला तर घाटावरचे सगळे साधू जाडजूड होतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्यावी. आणि 16 बाय 9 ची खूण एन्कोडरमध्ये आणि ऑथरिंगमध्ये अशा दोन्ही ठिकाणी हवी. एका जागी राहून गेली तर सगळं वऱ्हाड उंच आणि बारीक दिसतं.

[दृश्य : कागदावर पेनाने चाललेला हिशेब.]

पुढचा प्रश्न जागेचा. डिस्कवर लिहिलेलं असतं 4.7 जीबी, विंडोज दाखवतं 4.38. दोन्ही खरे आहेत, मोजण्याची पद्धत तेवढी वेगळी. 4.7 अब्ज बाइट म्हणजे 37,600 मेगाबिट. मेन्यू आणि इतर खर्चासाठी 5 टक्के बाजूला ठेवले की उरतात 35,720. आपली फिल्म 1 तास 50 मिनिटांची, म्हणजे 6,600 सेकंदांची. भागाकार येतो 5.4 मेगाबिट प्रतिसेकंद. एसी-3 या दाबलेल्या आवाजाचे 224 किलोबिट वजा केले की चित्रासाठी सुमारे 5.2 हाती राहतात. हा सरासरी बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा. टू-पास व्हीबीआर (फिल्म दोनदा चाळून कठीण जागी जास्त बिट देणारी पद्धत) निवडायचं आणि कमाल 8 वर बांधायची.

नियमाप्रमाणे चित्राची कमाल 9.8 आहे आणि सगळं मिळून 10.08. पण घरी बर्न केलेली डिस्क वाचताना स्वस्त प्लेयरची दमछाक होते. 9 च्या वर उसळी गेली की चित्र अडखळतं. पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आवाज ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो. म्हणून एसी-3.

हीच फिल्म तीन तासांची असती, तर चित्राच्या वाट्याला 3.1 मेगाबिटच आले असते. बसल्या पंगतीला तेवढे पुरतात. पण मंगलाष्टकं संपून अक्षतांचा वर्षाव झाला की हजारो छोटे दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना हलतात आणि एमपेग-2 ला, म्हणजे डीव्हीडीवर चित्र आवळण्याच्या पद्धतीला, ते झेपत नाही. चेहऱ्यांच्या जागी चौकोन येतात. वाहतं पाणी त्याहून कठीण. रामकुंडातली लाट आणि शाहीस्नानाची गर्दी एका फ्रेममध्ये आली की एन्कोडरची खरी परीक्षा होते. दोन तासांच्या पुढे सरळ दोन डिस्क कराव्यात. ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांच्या, डिस्क महाग असतात, आणि लेयर बदलताना जुने प्लेयर अडकतात ते वेगळंच.

चॅप्टरचं एक पथ्य आहे. चॅप्टर फक्त जीओपीच्या, म्हणजे एकत्र आवळलेल्या फ्रेमच्या गटाच्या, सुरुवातीला बसतो आणि पालमध्ये एक जीओपी 15 फ्रेमपर्यंत, म्हणजे 0.6 सेकंदाचा असतो. ‘मंगलाष्टकं’ चॅप्टर दाबल्यावर पहिलं अक्षर गिळलं जातं ते यामुळे. एन्कोड करतानाच चॅप्टरच्या जागी आय-फ्रेम (स्वतःपुरती पूर्ण असलेली फ्रेम) सक्तीने टाकायला सांगावं.

[दृश्य : मेन्यूचा पडदा. शीर्षकातली अक्षरं मोडलेली दिसतात.]

आणि हा मेन्यू. मराठी कामात सगळ्यात जास्त रडवणारी जागा हीच. जुन्या ऑथरिंग सॉफ्टवेअरना देवनागरीची जोडाक्षरं बांधता येत नाहीत. ‘सहस्रचंद्रदर्शन’ टाइप केलं की स्र, द्र, र्श यांचे तुकडे पडतात, पाय मोडलेले अक्षरांचे डबे रांगेत उभे राहतात. ‘विवाह’ मधली पहिली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून ते दडपता येतं, पण तो फाँट नसलेल्या मशीनवर प्रोजेक्ट उघडला की शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी असते. त्यापेक्षा मेन्यूतला सगळा मजकूर इंकस्केप किंवा फोटोशॉपमध्ये युनिकोडात करावा आणि चित्र म्हणूनच आत आणावा. चित्र 1024 बाय 576 वर रचायचं आणि शेवटी 720 बाय 576 ला दाबायचं. सरळ 720 बाय 576 वरच रचलं तर मेन्यूवरचा पौर्णिमेचा चंद्र लांबट होतो. आजोबांनी हजार चंद्र पाहिलेत, त्यांना तो लगेच खटकेल.

शिरोरेषेकडे खास लक्ष द्यायला हवं. बारीक फाँटमध्ये ती एक पिक्सेल जाडीची असते. इंटरलेस्ड चित्रात एक ओळ एकाच फील्डमध्ये येते, म्हणजे ती सेकंदाला 25 वेळाच उजळते, आणि जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर पूर्ण शीर्षक लुकलुकायला लागतं. रोमन लिपीत हा त्रास कमी, आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ असते. जाड फाँट घ्यावा, शिरोरेषा निदान तीन पिक्सेलची ठेवावी, हवं तर उभा किंचित ब्लर द्यावा. मजकूर चारही कडांपासून दहा टक्के आत, कारण जुने टीव्ही कडा कापतात.

बटणाचा हायलाइट हा चार रंगांचा साधा बिटमॅप असतो, त्याच्या कडा मऊ होत नाहीत. अख्खं देवनागरी अक्षर रंगवायला गेलं की वेलांट्या करवतीसारख्या दिसतात. बाजूला एक ठिपका किंवा खाली जाड रेघ पुरे. दोन बटणांचे चौकोन एकमेकांवर चढले तर रिमोटचा बाण भलतीकडे उडी मारतो. वर-खाली जाण्याचे मार्ग हाताने तपासावेत. आपोआप जुळवणीवर विश्वास टाकू नये.

आता एरर. डीव्हीडीस्टायलर फुकट मिळतं आणि त्याच्या पोटात डीव्हीडीऑथर नावाचं कमांडवर चालणारं साधन काम करतं. त्याचा ‘एससीआर मूव्हज बॅकवर्ड्स’ हा संदेश म्हणजे फाइलमधलं घड्याळ मध्येच मागे गेलंय. दोन एमपेग फाइल्स टोकाला टोक लावून जोडल्या की असं होतं. पुन्हा एन्कोड करायची गरज नाही. चित्र आणि आवाज वेगळे काढून डीव्हीडी प्रकारात परत मल्टिप्लेक्स केलं, म्हणजे एका फाइलमध्ये गुंफलं, की काम भागतं. ‘फर्स्ट व्हीओबीयू’ची (डीव्हीडीच्या चित्राच्या पहिल्या तुकड्याची) वाट पाहतोय असा इशारा आला, तर फाइल साध्या एमपेग प्रकारात बांधली गेली आहे, तिच्यात प्लेयरला वाट दाखवणारे डीव्हीडीचे नेव्हिगेशन पॅकच नाहीत.

अ‍ॅडोबी एन्कोर हे ऑथरिंग सॉफ्टवेअर सीएस6 या आवृत्तीवर थांबलं, तरी काही स्टुडिओंत अजून चालतं. त्यात ‘पीजीसी हॅज अ‍ॅन एरर’ (चित्र चालण्याच्या क्रमात चूक) आलं की सोबत दिलेला टाइमकोड आधी बघावा. तिथे फार जवळजवळ ठेवलेले चॅप्टर किंवा बिघडलेला तुकडा सापडू शकतो. तिथे काहीच नसेल, तर व्हिडिओ बाहेरच एमपेग-2 मध्ये एन्कोड करून आणायचा आणि एन्कोरला फक्त जुळणी करू द्यायची. ‘चेक प्रोजेक्ट’ दाबायला विसरू नये. फर्स्ट प्ले (डिस्क घातल्यावर आधी काय चालायचं ते) नेमलेला नसणं, फिल्म संपल्यावर मेन्यूवर परतण्याची एंड अ‍ॅक्शन नसणं, हे त्यातच कळतं. आणि कुठल्याच फोल्डरला मराठी नाव देऊ नका. ‘आजोबा फायनल नवीन 2’ या नावापाशी अडकणारी साधनं बरीच आहेत. छोटं रोमन नाव, सरळ ड्राइव्हच्या मुळाशी.

[दृश्य : ड्राइव्हचा ट्रे आत जातो.]

बर्निंग त्या मानाने लवकर आटपतं. इम्गबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ-टीएसवरून आयएसओ करायची, फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या पद्धतीत) यूडीएफ 1.02 असल्याची खात्री करायची. डिस्कचं लेबल कॅपिटल रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर यांतच. 16 एक्सच्या डिस्कला 8 एक्सचा वेग बरा. अगदी सावकाश लिहिलं की चांगलं, हा समज प्रत्येक डिस्कला लागू होत नाही. व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) चालूच ठेवायचं. प्लस आर (डीव्हीडी+आर) डिस्क असेल आणि ड्राइव्ह परवानगी देत असेल तर बुक टाइप, म्हणजे डिस्कवरची प्रकाराची खूण, डीव्हीडी-रॉम करावा. जुने प्लेयर त्याला ओळखतात. डिस्क वाया घालवायचे दिवस गेले. भारतात डिस्क बनवणारी मोझर बेअर 2018 मध्ये अवसायनात गेली आणि चांगला माल शोधावा लागतो.

डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून लिहिण्यातले दोष बाहेरच्या कडेला, फिल्मच्या शेवटी दिसतात. तपासताना पहिली पाच मिनिटं बघून डिस्क परत देणं म्हणजे काहीच न तपासणं. मेन्यूतलं प्रत्येक बटण, मग थेट शेवटचा चॅप्टर, तोही कॉम्प्युटरवर नको. व्हीएलसी इतकं समजूतदार आहे की नियम मोडलेली डिस्कही चालवतं. दुकानातला सगळ्यात कुरकुऱ्या प्लेयर यासाठी राखून ठेवावा. पहिली चाचणी रीरायटेबल डिस्कवर केली तर पैसे वाचतात, फक्त काही जुने प्लेयर तिचं मंद परावर्तन वाचत नाहीत, हे लक्षात ठेवून.

‘नो डिस्क’ आलं तर बर्न किंवा डिस्क संशयित. मेन्यू येतो पण बटण चालत नाही, तर ऑथरिंग. मधूनच अडखळतं, तर बिटरेट. नेहमी शेवटीच अडकतं, तर कमी वेगाने आणि वेगळ्या कंपनीच्या डिस्कवर पुन्हा.

कागदी लेबल चिकटवू नये. डिस्क फिरताना तोल जातो आणि नाशिकच्या एप्रिलात त्याच्या कडा सुटतात. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर नाव आणि तारीख लिहावी. आयएसओ मात्र हार्ड डिस्कवरून पुसू नये. दुसरी प्रत मागायला कुणीतरी येतंच.