मादीवरून वंश बांधा

मंडळी, आपल्या वऱ्हाडात कबुतराचा सौदा निघाला की पहिली चौकशी नराची होते. कोणाच्या ढाबळीतला, किती तास उडतो, किती उंच जातो. मादीचं विचारलं तर उत्तर येतं, "मादी कोनतीबी चालते गा, नर दमदार पायजे." हे मला मुळीच पटत नाही. पिल्लात आईबापाचा वाटा जवळपास सारखा असतो. मग त्यातला निम्मा वाटा डोळे झाकून कसा घ्यायचा?

अकबराच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरं होती, पण खास म्हणून निवडलेली पाचशेच, असं अबुल फजलनं ऐन-ए-अकबरीत नोंदवलं आहे. बादशहासुद्धा निवड करून पाळत होता. आपल्या ढाबळीत दहा-वीस जोड्या असतात. आपण एक मादी तरी पारखून घ्यावी.

ती कशी पारखायची? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून उडवणं पहाटेचंच. उंची धरून राहणारी, थवा फुटला तरी आपल्याच छपरावर उतरणारी मादी बघा. उतरल्यावर तिला हातात घ्या. छातीचं हाड सरळ लागलं पाहिजे, पिसं घट्ट बसलेली हवीत, आणि सावलीत थोडा वेळ बसली की धाप थांबली पाहिजे. मग घरट्यावर बघा. पहिलं अंडं घातल्यावर मादी त्यावर नुसती उभी राहते, पुरती बसत नाही. जवळजवळ दोन दिवसांनी दुसरं आलं की मग खरी उबवण सुरू होते, त्यामुळे दोन्ही पिल्लं बरोबरीनं निघतात. दुपारी नर बसतो, रात्रभर मादी. सतरा-अठरा दिवस ही पाळी न चुकवणारी मादी मला आकाशातल्या एका तासापेक्षा मोलाची वाटते.

आता थोडं आत जाऊ. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं. नराजवळ दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीजवळ एक झेड आणि एक डब्ल्यू. मादीचा झेड फक्त मुलग्यांना जातो. मुलींना झेड मिळतो तो बापाकडून. याचा पुरावा रंगात दिसतो. राखी अंगावर लाल पट्ट्यांची मादी आणि निळा, पारव्यासारखा नर लावा. पिल्लांत नर सगळे लालपट्टी, माद्या सगळ्या निळ्या. (अंगभर गडद लाल असतात त्यांना हा हिशेब लावू नका, तो रंग वेगळ्या वाटेनं उतरतो.) दुसरीकडे, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया मुलगा असो की मुलगी, आईकडूनच येतात. म्हणून चांगल्या मादीच्या मुली ठेवून मुलगे विकणारा माणूस तिचा झेड विकून टाकतो. मुलगा आणि मुलगी, दोन्ही राखा.

पण ती खरोखर वंशाचा पाया ठरेल अशी मादी आहे की नराच्या जोरावर नाव कमावते आहे? एकच उपाय. तिला एका हंगामात एक नर लावा, पुढच्या हंगामात दुसऱ्या घरचा. दोघांचीही पिल्लं चांगली उडाली, तर श्रेय तिचं. जोडी मात्र बंद खणात ठेवा, नाहीतर खरा बाप कोण ते कधीच कळणार नाही.

या परीक्षेतून आणखी एक काम होतं. दोन नरांपासूनची ही पिल्लं आईकडून सख्खी, बापाकडून सावत्र. त्यांची आपसात जोडी लावली की पुढच्या पिल्लात निम्मं रक्त त्या मादीचं उतरतं, आणि आई-मुलाच्या जोडीपेक्षा जवळिकीचा धोका निम्म्यानं कमी. आई-मुलगा लावला तर तिचं रक्त पाऊण होतं. ते मी फार विचारानं आणि एखाद्याच वेळी करीन.

मादीची अडचण एकच, अंडी दोनच. तिची अंडी उचलून साध्या जोडीखाली ठेवली तर ती आठ-दहा दिवसांत पुन्हा घालते. त्या जोडीनंही एक-दोन दिवसांच्या फरकानंच अंडी घातलेली असावीत, नाहीतर पिल्लू निघेल तेव्हा त्या जोडीच्या गळ्यात पिल्लाला भरवायचं दूध तयार नसेल. हावरटपणा मात्र नको. सारखी अंडी काढली की अंगातला चुना संपतो आणि कवच पातळ पडतं. शिंपल्यांचा चुरा खणात कायम ठेवा, उन्हाळ्यात तिला नरापासून वेगळी करा.

पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास कडी घाला, नंतर पाय जाड होतो. वहीत कडीच्या नंबरापुढे आईचा नंबर आधी लिहा. पुढे अंडी फुटेनाशी झाली, पिल्लं अशक्त निघू लागली, चोची वाकड्या दिसल्या, की बाहेरचा नर आणायची वेळ झाली. तो एकदम साऱ्या ढाबळीत मिसळू नका. मूळ मादीच्या एका नातीला लावा, ती पिल्लं वर्षभर उडवून पाहा, मगच बाकीच्या खणांचा विचार करा.