पडद्यावरची धडक आणि मैदानावरचा दम

मंडळी, ज्यानं यात्रेतली रेवड्यांची कुस्ती बघितली आहे, त्याला रग्बी फार समजावून सांगावी लागत नाही. 15 विरुद्ध 15, 80 मिनिटं, लांबुळका चेंडू. हातानं पुढे फेकायचा नाही, आणि ज्याच्याकडे असेल त्याला आडवं करायचं. बाकीचे नियम पंच सांगतो आणि त्यावरून भांडणं होतात, म्हणजे आपल्या कबड्डीसारखंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की, रग्बीच्या चित्रपटांत धडक बऱ्यापैकी खरी असते, दम मात्र खोटा असतो. दमाकडे येतोच. आधी स्क्रम, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात तो, कारण त्यावरून माझी जुनी तक्रार आहे.

पडद्यावरचा स्क्रम म्हणजे एडक्यांची टक्कर! सोळा जण गुरगुरत भिडले की झालं. प्रत्यक्षात ते मांडणीचं काम आहे. 2013 पासून पंचाचे तीन हुकूम असतात: क्राउच, बाइंड, सेट. पहिल्याला गुडघे आणि कंबर वाकवायची, पाठ सपाट ठेवायची, खांदे कमरेच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. दुसऱ्याला प्रॉप, म्हणजे पहिल्या रांगेतला कडेचा गडी, बाहेरच्या हातानं समोरच्याची जर्सी पकडतो. तिसऱ्याला भिडायचं. पूर्वी हा धक्का फार मोठा असे, तो कमी व्हावा म्हणून ही पद्धत आली. वरच्या पातळीवर एका बाजूच्या आठ जणांचं वजन 900 किलोच्या आसपास भरतं, आणि मागच्या पाचांचा रेटा पुढच्या तिघांच्या पाठीतून आणि खांद्यांतून जातो. रावेर-यावलकडे केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेतून निघालेला माणूस आठवा. पाठीला बाक आला की कंबर गेली! प्रॉपचंही तेच. पाठ गोल झाली किंवा पाय फार मागे राहिले, की स्क्रम बसतो आणि खाली मान सापडते. चित्रपटात स्क्रम कोसळला की हाणामारी सुरू होते. मैदानावर शिट्टी होते, सगळे उठतात, चिखल झटकतात, पुन्हा मांडतात. दिग्दर्शकाला एवढा वेळ कुठून परवडणार? आणि आपल्याकडचा प्रेक्षक तर ओरडेलच, ‘काय करी राहिनात भो?’

आता कान. स्क्रममध्ये दुसऱ्या रांगेतल्या दोघांची डोकी पुढच्यांच्या मांड्या-कमरांमध्ये अडकलेली असतात, म्हणून ते कानांभोवती पट्टी गुंडाळतात. घासून किंवा मार लागून कानाच्या कूर्चेवरचं आवरण सुटतं, मध्ये रक्त साचतं, आणि वेळेवर काढलं नाही तर तिथं गाठ कडक होते. आपल्या पैलवानांचे कान असेच फुटलेले असतात. पडद्यावरच्या फॉरवर्डचे, म्हणजे स्क्रममधल्या गड्याचे, कान मात्र लग्नाच्या फोटोतल्यासारखे!

आवाजाचंही तसंच. हाड मोडल्याचा आवाज स्टुडिओत सेलरीची जुडी पिळून काढतात. केळीचा दांडाही चालेल, जळगावात स्वस्त पडेल. खऱ्या टॅकलचा, म्हणजे चेंडूवाल्याला आडवं करण्याचा, आवाज बसका असतो, ओट्यावर धान्याची गोणी टाकल्यासारखा, आणि त्यामागून छातीतली हवा निघते, ‘हुप’.

‘इन्व्हिक्टस’ या 2009 च्या चित्रपटात ही जाण बऱ्यापैकी आहे. कलाकारांना शिकवायला चेस्टर विल्यम्स होता, 1995 चा विश्वचषक जिंकलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघातलाच. चित्रपट त्याच विजयाचा. जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवरचा तो न्यूझीलंडविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत 15-12 असा जिंकला. दोन्हीकडून एकही ट्राय, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकवणं, नाही. दक्षिण आफ्रिकेचे पंधराच्या पंधरा गुण जोएल स्ट्रान्स्कीच्या लाथेचे. म्हणजे 100 मिनिटं माणसं एकमेकांवर आदळत राहिली आणि फळ्यावर फक्त किक चढल्या. कर्णधार पिनार सहा फुटांच्या चांगला वर, त्याचं काम करणारा मॅट डेमन सहा फुटांच्या आत. कॅमेरा खाली ठेवला की उंची चोरता येते. दम कसा चोरणार?

...संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. बरं, मुद्द्यावर येतो.

चित्रीकरणात धडक काही सेकंदांची असते. मग पाणी, मेकअप, ताजा चिखल. सामन्यात फॉरवर्ड टॅकल करतो, पकड सोडतो, बाजूला लोळतो, उठतो, आपल्या बाजूनं फिरून मागून येतो आणि लगेच दुसऱ्या रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झुंबडीत, शिरतो. हे पुन्हा पुन्हा. साठाव्या मिनिटाला तो उठताना बघा. आधी एक गुडघा, मग मांडीवर हात दाबून बाकीचं अंग. दमलेला माणूस वाकत नाही, म्हणून टॅकल वर जातो आणि डोक्यावर डोकं आदळतं. पडद्यावर नायक अशा वेळी मान झटकतो आणि ट्राय करतो. नियमानं त्याला बाहेर काढायला हवं. गावच्या सामन्यात तर तपासायला डॉक्टरही नसतो, म्हणून शंका आली की त्या दिवशी खेळ बंद.

‘दिस स्पोर्टिंग लाइफ’, 1963, तेरा जणांच्या रग्बी लीगचा. त्यात नायकाचे दात स्क्रममध्ये तुटतात आणि चित्रपट त्याला थेट दंतवैद्याच्या खुर्चीत नेतो. सामना संपल्यावरही अंग दुखतं, हे तिथं कळतं. ‘जंगल क्राय’ हा 2022 चा, 2007 मध्ये लंडनला जाऊन जिंकलेल्या ओडिशाच्या आदिवासी पोरांचा. नंदुरबारकरांनी जरूर बघावा. त्या वयात वजन नसतं, वेग असतो, त्यावर बोलायचं होतं, ते राहिलं.

दुसरी चिठ्ठी. एकच तुकडा दाखवतो. धडकेकडे बघू नका, पडलेल्याकडे बघा आणि तो किती वेळात उठतो ते मनात मोजा. भाऊ, दिवे घालवा.