शब्बाथ: कडक कुठवर, सैल कुठून?

रानात एक माणूस शब्बाथच्या दिवशी, म्हणजे ज्यूंच्या सातव्या दिवशी (शनिवारी), काम वर्ज्य असताना लाकडं गोळा करताना सापडतो. बायबलमधलं गणना हे पुस्तक, अध्याय 15. त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून आधी त्याला पहाऱ्यात ठेवतात. मग निवाडा येतो: छावणीबाहेर नेऊन दगडमार.

या कडकपणाची शिस्त निर्गम या पुस्तकाच्या अध्याय 16 मधल्या मान्नात, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळणाऱ्या अन्नात दिसते. माणशी रोज एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. उद्यासाठी राखला तर किडे पडून घाण सुटते. सहाव्या दिवशी मात्र दोन ओमर वेचायचे, भाजणं-उकडणं त्याच दिवशी उरकायचं. तो साठा खराब होत नाही. सातव्या दिवशी वेचायला गेलेले रिकाम्या हाती परततात. अध्याय 35 तर घरात विस्तव पेटवायलाही मनाई करतो. कोकणातले बेने इस्राएल (तिथला ज्यू समाज) तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं.

पण याच नियमशास्त्रात (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत) शब्बाथला वेदीवर दोन कोकरं जादा अर्पण करायची आहेत. तिथे सुरीही आली, विस्तवही आला. बाळाचा आठवा दिवस शनिवारी आला, तरी सुंता टळत नाही. सवलत अशी नियमाच्या पोटातच आहे.

इ.स.पू. 167 च्या सुमारास हा प्रश्न ज्यूंच्या जिवावर बेतला. शब्बाथला शस्त्र उचलायचं नाही म्हणून रानात लपलेले सुमारे हजार जण मारले गेले. मग बंडाचा पुढारी मत्तथ्या आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं: कुणी चालून आलं, तर शब्बाथलाही लढायचं. ही हकिगत 1 मक्काबीमध्ये आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ते पुस्तक मिळणार नाही.

आता येशूचे शिष्य. शब्बाथला शेतातून जाताना त्यांनी कणसं मोडली. चोरीचा आरोप होऊच शकत नव्हता, कारण अनुवाद या पुस्तकाच्या अध्याय 23 प्रमाणे शेजाऱ्याच्या शेतात हाताने कणसं खुडायला मुभा आहे, फक्त विळा लावायचा नाही. बोट ठेवलं गेलं ते कापणीवर, कारण ते शब्बाथला वर्ज्य काम. लूक सांगतो, कणसं हातावर चोळली. म्हणजे मळणीही झाली! येशू दाविदाने खाल्लेल्या, फक्त याजकांसाठी (पुरोहितांसाठी) राखलेल्या समर्पित भाकरींचा आणि शब्बाथलाही मंदिरात काम करणाऱ्या याजकांचा दाखला देतो. त्याने शब्बाथ मोडीत काढला, असं प्रवचनांत सर्रास ऐकू येतं. पण इथे तो शास्त्रातलेच दाखले देत शास्त्र्यांसारखा वाद घालतो.

खड्ड्यात पडलेलं मेंढरू कोण वर काढणार नाही, असंही तो विचारतो. मृत समुद्राकाठी कुमरानला ज्यांच्या गुंडाळ्या सापडल्या, ते काढत नसत. जनावर शब्बाथला बाहेर काढायचं नाही, असा त्यांचा नियम; माणूस पाण्यात पडला, तर आपलं वस्त्र त्याच्याकडे फेकून ओढायचं. मिश्ना, म्हणजे ज्यू शास्त्र्यांच्या निर्णयांचा संग्रह, याच्या बरीच पुढे जाते: जिवाला धोका असल्याची नुसती शंका आली, तरी शब्बाथ बाजूला.

येशूचा प्रेषित पौल रोमकरांस या पत्राच्या अध्याय 14 मध्ये लिहितो, कुणी एक दिवस विशेष मानतो, कुणी सगळे सारखे. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करावी. यात शब्बाथ आला असं बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या धरतात. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ते मान्य नाही. त्यांच्या मते इथे उपवासासारखे दिवस अभिप्रेत आहेत, आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा शब्बाथ आजही चालतो.